डाव्या हाताचं सांग

बाय, काल फोनवर तू केवढी फणफणलीस गं! इंग्लंडात खासगी हेलिकॉप्टरचं लायसन्स एकदा मिळालं की जन्मभराचं, मग दरवर्षी शेजारी परीक्षक कशाला, असं म्हणालीस. लायसन्स जन्मभराचं, कबूल. पण तुझं ते आर-44 उडवायची मुभा वर्षाचीच आहे ना? ती का, ते मला विचार. मी वैमानिक नाही, पण उरणला ओएनजीसीवाल्याच्या घरात नांदतेय.

तुझे दाजी चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टरने मुंबई हायच्या तेलविहिरींवर जायचं, तसंच परत यायचं. 13 जानेवारी 2018 च्या शनिवारी जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर डहाणूजवळ समुद्रात पडलं, सातही जण गेले. दाजी त्या दिवशी घरीच होते, तरी मी दुपारभर त्यांच्या शर्टाची बाही सोडली नव्हती.

या माणसांना नुसतं प्रवासी म्हणून बसायचं असतं, तरी ठरावीक वर्षांनी तलावात घालतात. खोटी केबिन पाण्यात बुडवून उलटी करतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा, केबिन फिरायची थांबेपर्यंत दम धरायचा, खिडकी ढकलायची आणि मगच पट्टा सोडायचा. दाजींनी हे तीनदा केलेलं. चौथ्या वेळी घरी आले ते गप्पच. भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाले, "अगं, पट्टा आधीच सोडला. वरखाली काही कळेना, पाणबुड्याने ओढून काढलं." तलावात जाईपर्यंत त्यांना वाटत होतं, आपल्याला सगळं येतंय. मला भीती वाटते ती याचीच.

तुझं तर त्याहून अवघड. दाजींच्या पायलटांच्या मागे कंपनी आहे, रोस्टर आहे, 'आज नको' म्हणणारा वरिष्ठ आहे. तुला अडवणारं कोण? नियम तरी काय, वर्षभरात त्या मशिनवर दोन तास उडालीस तरी चालतं, आणि परीक्षेचा वेळसुद्धा त्याच दोन तासांत धरतात! कुणाला सोबत न्यायचं तर नव्वद दिवसांत तीनदा उडून उतरलेलं असावं लागतं, एवढंच. मोदक वर्षातून एकदा वळले तर पाकळ्या फाटतात गं. तिथे पीठ पुन्हा मळता येतं.

तेव्हा ओळखीचा, हसतमुख परीक्षक शोधत बसू नकोस. परीक्षेच्या आधी इन्स्ट्रक्टरबरोबर तासभर जा आणि तुला जे आवडत नाही तेच माग. इंजिन बंद पडल्यावरचं उतरणं माग. तूच मला समजावलं होतंस, डाव्या हाताकडचा कलेक्टिव्हचा दांडा झटकन खाली केला की खालून येणाऱ्या वाऱ्याने पाती भिरभिऱ्यासारखी फिरत राहतात. उशीर झाला की पाती मंदावतात, आणि मग काही हातात राहत नाही. दुसरं, ढगात शिरल्यावर फक्त घड्याळांकडे बघत उलटं वळून बाहेर यायचं. हिवाळ्यात इथे मोरा बंदराच्या धक्क्यावर उभं राहिलं की समुद्र कुठे संपला न् आभाळ कुठे सुरू झालं ते मला जमिनीवरूनही कळत नाही.

आणि सराव म्हणून गंमत नको हं. 4 नोव्हेंबर 2015 ला मुंबई हायजवळ दोन पायलट रात्रीच्या लँडिंगचा सराव करतानाच गेले. झोप झालेली नसेल, मन थाऱ्यावर नसेल तर तारीख पुढे ढकल. मुदतीच्या आधीचे तीन महिने असतात ना हाताशी? शेवटच्या आठवड्याची वाट बघायची तुझी दहावीपासूनची खोड आहे, म्हणून सांगतेय.

नापास झालीस तर आईला मी सांगेन. तिला तू एकटी उडतेस हेच अजून नीट माहीत नाही, त्यामुळे तो विषय निघेलसं वाटत नाही.

परीक्षा झाली की लगेच फोन कर. पास का नापास ते मागाहून. आधी हे सांग, परीक्षकाने अचानक थ्रॉटल बंद केला, भोंगा वाजला, तेव्हा तुझा डावा हात आपोआप खाली गेला की आधी तू त्याच्या तोंडाकडे पाहिलंस?