रंग खरवडण्याआधी

आई-बाबांनो, पाऊस सरला की हुबळी-धारवाडात घर रंगवायची लगबग सुरू होते. मालमड्डीतलं जुनं घर असो की देशपांडे नगरातलं, पावसात फुगलेली लाकडी खिडकी चौकटीला घासते आणि तेलरंगाचा बारीक भुगा खाली पडतो. रांगतं बाळ त्यात हात घालतं, मग तोच हात तोंडात.

जुन्या तेलरंगात, विशेषतः पिवळ्या, केशरी, हिरव्या छटांत, शिसं सर्रास असायचं. घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर नव्या रंगाखाली असू शकतात. पोटात गेलेलं शिसं मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा चार-पाच पट मुरतं. बाहेरून काहीच दिसत नाही. लक्ष लागत नाही, चिडचिड करतो, म्हणून आपण लेकरालाच बोलतो. याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याच कर्नाटकात, मंगळुरात, रक्तात शिसं वाढलेल्या मुलांच्या घरापर्यंत संशोधक हातात धरायचं यंत्र घेऊन गेले आणि शिसं येतं कुठून ते त्यांनी शोधलं. बेंगळुरूचे डॉ. तुप्पिल वेंकटेश त्यांच्यात होते. २००४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. ड्रिल मशीनएवढं ते यंत्र. त्याचं तोंड चौकटीला टेकवून कळ दाबली की क्ष-किरण रंगात शिरतात, शिशाचे अणू आपली खास किरणं परत पाठवतात आणि काही सेकंदांत पडद्यावर आकडा येतो. रंग खरवडावा लागत नाही, आणि वर नवा हात दिला असला तरी खालचं शिसं सापडतं. बाजारात मिळणाऱ्या, रंग बदलणाऱ्या काड्यांना वरच्या थरापलीकडचं कळत नाही. म्हणून त्यांच्या ‘नाही’वर मी विसंबणार नाही.

यंत्र महाग आहे, चालवायला शिकलेला माणूस लागतो. ते मिळालं नाही तर लाकडापर्यंतचे सगळे थर आलेली एक खपली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. चुन्याच्या भिंतींपेक्षा खिडक्या, दारं, गज आधी तपासा. तोवर पेंटरला कोरडा पॉलिशपेपर मारू देऊ नका, रंग जाळून तर मुळीच काढू देऊ नका. चौकट झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. काम निघालंच तर पोरांना आणि गरोदर बाईला आजोळी धाडा, आणि घर ओल्या फडक्याने पुसून झाल्यावरच परत आणा. मूल रंगाच्या खपल्या तोंडात घालत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना रक्तातल्या शिशाची तपासणी स्वतःहून विचारा.