हप्ता संपला, पण तारीख चालू ठेव

अगं, शेवटचा हप्ता गेला हे ऐकून फार बरं वाटलं. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन ते कर्ज फेडलंत, त्याचं कौतुक आहेच. चार दिवस मजेत राहा, मुलांना घेऊन बाहेर जेवून या. पण पुढच्या महिन्याची पाच तारीख यायच्या आत माझं थोडं ऐक. पटलं तर घे.

कर्ज फिटल्यावरचे पहिले महिने फार फसवे असतात. खात्यात साडेआठ हजार जास्त उरतात आणि ते घरातल्या प्रत्येकाला दिसतात. मुलाला सायकल हवी असते, नवरोबांच्या मोबाइलची काच केव्हाची फुटलेली असते, सासूबाईंना वाटतं यंदा गौरी जरा थाटात बसवाव्यात. यातलं एकही मागणं वावगं नाही. पण सगळी एकदम पुरवायला गेलीस, तर दिवाळीपर्यंत त्या पैशांचा पत्ता लागत नाही, आणि जानेवारीत कुणी आजारी पडलं की पुन्हा क्रेडिट कार्ड बाहेर काढावं लागतं. म्हणून म्हणते, हप्ता संपला तरी त्याची तारीख संपवू नकोस. पाच तारखेला साडेआठ हजार गेलेले असतात, हे गृहीत धरून महिना काढायची सवय तुम्हाला लागली आहे. कर्जानं दिलेली तेवढी एकच चांगली गोष्ट आहे, ती हातची घालवू नकोस. पैसे जाऊ देत, फक्त आता तुमच्याच दुसऱ्या खात्यात जाऊ देत.

त्याआधी जुन्या कर्जाचं दार नीट लावून घे. बँकेकडून ‘नो ड्यूज’चं पत्र लेखी माग, तोंडी ‘झालं मॅडम’वर समाधान मानू नकोस. खात्यातून आपोआप हप्ता वळता करायची जी परवानगी दिली होतीत, ती रद्द झाली का ते बघ. दुचाकीचं कर्जही त्यातच होतं ना? मग आरसी बुकावर अजून बँकेचं नाव असेल. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन ते आरटीओतून उतरवून घ्या, नाहीतर गाडी विकताना अडेल. उद्या घरासाठी कर्ज काढलंत तर हेही लक्षात ठेव: पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघ. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांकडून वर्षातून एकेकदा तो फुकट मिळतो. त्यात कर्ज ‘बंद’ दिसलं पाहिजे.

आता हिशेब. तू सांगितलेले आकडेच घेते. दोघांचे मिळून हातात ४६,००० येतात. घरभाडं ११,०००. किराणा, दूध, भाजी, दळण ११,५००. वीज, गॅस, मोबाइल, नेट ३,०००. मुलांची रिक्षा आणि शिकवणी ३,५००. पेट्रोल २,५००. सासऱ्यांची औषधं २,०००. झाले ३३,५००. हप्ता ८,५००. उरलेले ४,००० ‘किरकोळ’. या ‘किरकोळ’चा एक महिना तरी मोबाइलमध्ये किंवा कॅलेंडरच्या मागे, जमेल तिथे लिहून काढ. कुणाला रागवायला नको, नुसतं कळायला. मग त्यातले हजार-हजार तुम्ही दोघांनी स्वतःकडे ठेवा. त्यांचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. ज्या हिशेबात नवऱ्याच्या चहा-वडापावचीही झडती होते, तो हिशेब दोन महिन्यांत बंद पडतो. बाकीच्या दोन हजारांत खरं किरकोळ बसवायचं.

इथवर कुणीही सांगेल. पण घरोघरचे हिशेब मोडतात ते वेगळ्या कारणानं. महिन्याचं अंदाजपत्रक आपण करतो, पण आपले खर्च महिन्याचे नसतात, ते वर्षाचे असतात. एप्रिल-मेमध्ये साठवणीचे गहू-तांदूळ, मसाला, पापड-कुरडया. जूनमध्ये फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट. मग गणपती-गौरी, मग दिवाळी. मध्ये लगीनसराईतले आहेर आणि प्रवास. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग. दरवर्षी हेच, आणि दरवर्षी आपण म्हणतो, ‘अगं, या महिन्यात अचानक खर्च निघाला!’ जून काय अचानक येतो का? दिवाळीची तारीख तर वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेली असते. तुझं कार्ड कसं फुगलं ते आठव. त्यात दवाखान्याचं एकच बिल होतं. बाकी शाळेची फी, दिवाळी आणि चुलत नणंदेचं लग्न.

म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरव आणि बारा पानं उलटत हे सगळे खर्च लिही. तुझ्या घराचा माझा अंदाज असा: शाळा २२,०००, दिवाळी १४,०००, साठवण ८,०००, आहेर-प्रवास ८,०००, गणपती-गौरी ४,०००, गाडी ४,०००. बेरीज ६०,०००, म्हणजे महिन्याला ५,०००. साडेआठ हजारांतले हे पाच हजार ‘वर्षाच्या डब्या’त टाकायचे. बँकेत दोन छोटी आरडी काढ, एक मे अखेरीस संपणारी आणि एक दिवाळीच्या आधी संपणारी. पहिल्या वर्षी डबा पुरता भरलेला नसेल, तेव्हा थोडी ओढाताण होईल. त्या वर्षी मसाला घरी कमी करा, आहेर बेताचा द्या. दुसऱ्या जूनला फी भरताना कार्ड काढावं लागणार नाही.

उरलेले ३,५०० अडीअडचणीचे. यांना वर्षाच्या डब्याशी मिसळू द्यायचं नाही, वेगळं खातंच ठेवायचं. एकत्र ठेवलंस की गणपती येतात आणि अडचणीचे पैसे मखरात जातात. पहिलं लक्ष्य १५,०००. चार-पाच महिन्यांत होतं. दाताचं काम, फ्रिजचा काँप्रेसर, गावी तातडीनं जाणं, एवढ्याला ते पुरतं. नंतर महिनाभराचा खर्च, तुझ्या हिशेबानं ३३,५००, म्हणजे दहा महिने. मग तीन महिन्यांचा, लाखभर. साडेतीन हजारांच्या चालीनं त्याला जवळपास अडीच वर्षं लागतील. बोनस, पगारवाढीचा फरक, जुनं लाकडी कपाट विकून आलेले पैसे यातलं अर्धं तिकडे वळवलंस तर लवकर होईल. तुमच्यात पगार एकाचाच असता किंवा कामाचा भरवसा नसता, तर मी सहा महिन्यांचं सांगितलं असतं.

हे पैसे ठेवायचे कुठे? पगाराच्या खात्यात मुळीच नकोत. दुसऱ्या बँकेत बचत खातं उघड, त्याला यूपीआय जोडू नकोस. पहिले पंधरा हजार तिथे. त्यापुढचे दहा-दहा हजारांच्या वेगवेगळ्या एफडीत ठेव. गरज लागली तर एकच मोडायची, बाकीच्यांना हात लागत नाही. मुदतीआधी मोडली तर व्याजातून थोडं कापतात, तेवढं सोसायचं. पोस्टाची आरडी चांगली असली तरी या कामाची नाही. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही.

तुमच्या गल्लीतल्या पतसंस्थेत एक टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून सासरे तिकडे ठेवा म्हणतील. त्यांचा मान राख, पण हे पैसे तिथे ठेवू नकोस. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. आणि विमा असला तरी सगळं एकाच बँकेत नको. २०१९च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना हजारच रुपये काढता येत होते. ज्यांचे सगळे पैसे तिथे होते, त्यांनी दवाखान्याची बिलं कशी भरली असतील, विचार कर. भिशीही चालू ठेव, ओळखीच्या बायकांची आहे. पण तिचा नंबर तुला हवा तेव्हाच लागेल असं नाही, म्हणून ती वर्षाच्या डब्यात धर.

आणखी एक, जरा नाजूक. हे पैसे नवऱ्यापासून लपवून ठेवू नकोस. आपल्या आया-मावश्यांनी तांदळाच्या डब्यात नोटा ठेवल्या, त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. पण ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि कितीजणींना ते गुपित घरात सांगावं लागलं! खातं दोघांच्या नावावर काढ आणि कुणा एकाच्याही सहीनं पैसे निघतील अशी सोय फॉर्मवर करून घे. उद्या नवरोबाच दवाखान्यात असले आणि खातं फक्त त्यांच्या सहीनं चालत असलं, तर नेमक्या वेळी तू हात चोळत बसशील. नॉमिनीचं नाव भर. मात्र याशिवाय तुझ्या एकटीच्या नावावर एक खातं असू दे, त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. आणि घरात दोन-तीन हजार रोख असू देत, नेटवर्क नसतं तेव्हा रिक्षावाला फोनवरचा आकडा घेत नाही.

मोठ्या दुखण्यासाठी मात्र लाखभर पुरणार नाहीत, तिथे विमाच हवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधारवरची नावं सारखी आहेत ना, हे आत्ताच बघून ठेव, स्ट्रेचरवर असताना नको. बँकेतून निघणारे दोन स्वस्त विमेही घ्या. जीवनज्योतीचे वर्षाला ४३६ रुपये, सुरक्षा विम्याचे २०. पहिल्यात मृत्यूनंतर आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू आल्यास घरच्यांना २ लाख मिळतात. मे अखेरीस हे हप्ते खात्यातून आपोआप वळते होतात, तेव्हा खात्यात शिल्लक असू दे.

आता खरी परीक्षा. तुमचा हप्ता संपल्याची बातमी नातेवाइकांत पोचली की कुणीतरी म्हणेल, ‘आता काय, तुम्ही मोकळे झालात!’ आणि पुढच्याच वाक्यात वीस हजार मागेल. तेव्हा ‘नाहीत’ म्हणू नकोस, खोटं पकडलं जातं. ‘आहेत, पण ते ठरलेले आहेत,’ एवढंच म्हण. द्यावंसंच वाटलं तर परत न आल्यानं घर हलणार नाही एवढी रक्कम दे, आणि तीही किरकोळमधून. जामीन मात्र कुणालाही राहू नकोस. जामीनदाराच्या सहीनं दुसऱ्याचं कर्ज आपलं होतं.

आणि अडचण खरंच आली तर त्या पैशांना हात लावायला कचरू नकोस. कित्येक बायका इतक्या कष्टानं जमवतात की मोडणं जिवावर येतं, मग एफडी तशीच ठेवून कार्डावर बिल भरतात. एफडीला वर्षाला सहा-सात टक्के मिळतात आणि कार्डाला महिन्याला शेकडा तीन-साडेतीन रुपये जातात. हा कुठला धंदा? वापर, आणि पुढच्या पाच तारखेपासून पुन्हा भरायला लाग.

नवरोबा म्हणतील, एवढे पैसे सहा टक्क्यांवर पाडून ठेवण्यापेक्षा म्युच्युअल फंडात टाकू. त्यांना सांग, या पैशांचं काम वाढण्याचं नाही. नोकरी गेली त्याच महिन्यात बाजारही पडलेला असू शकतो, तेव्हा हे पैसे पूर्णच्या पूर्ण हातात आले पाहिजेत. महागाईनं त्यातलं थोडं झिजेल, ती त्या निर्धास्तपणाची किंमत. एसआयपी, पीपीएफ, मुलीसाठी सुकन्या, या सगळ्याबद्दल मी बोलेन, अगदी मांडी ठोकून बोलेन. पण तीन महिन्यांचा खर्च जमल्यावर. त्याआधी विचारलंस तर फोन तुझ्या भाच्याकडे देईन, आणि तो तुला क्रिकेटचे स्कोअर ऐकवत बसेल.