निवड आपली, की आपल्यासाठी केलेली?



एका रविवारी वाडीच्या रोझरीनंतर आम्ही एक साधा प्रयोग केला. जमलेल्या सहा जणांनी आपापल्या मोबाइलवर व्हिडिओ दाखवणारे एकच अॅप उघडले आणि पहिल्या पडद्यावर काय आले ते एकमेकांना दाखवले. एकाकडे क्रिकेट, एकीकडे केकच्या पाककृती, एका तरुणाकडे मोटारसायकली. आमच्यातील एका मावशींच्या पडद्यावर मात्र वरपासून खालपर्यंत जगाच्या अंताचे व्हिडिओ होते.

"मी हे मागितलं नव्हतं," मावशी म्हणाल्या. "मी फक्त मराठी रोझरी शोधली होती."

हळूहळू सारे उलगडले. आधी रोझरी आली, मग चमत्कारांच्या कथा, मग कोणाचे तरी 'दृष्टांत' आणि शेवटी तारीख सांगून भीती घालणारे उपदेशक. मावशींची झोप उडाली होती. नातीच्या पहिल्या कम्युनियनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्यांनी एका अनोळखी 'प्रार्थना सेवे'ला काही रक्कमही पाठवली होती. घरात कोणालाच हे ठाऊक नव्हते, कारण त्यांचा पडदा त्यांच्याशिवाय कोणी पाहत नव्हते. म्हणून या विषयाचा आपण मिळून अभ्यास करावा असे आम्हांला वाटले.

१. ही यंत्रणा चालते कशी?

पुढे काय पाहावे, काय विकत घ्यावे, काय ऐकावे हे सुचवणाऱ्या संगणकीय व्यवस्थेला शिफारस यंत्रणा म्हणता येईल. ॲमेझॉन या ऑनलाइन दुकानाने १९९८ साली अशी पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. एक वस्तू घेणारे लोक दुसरी कोणती वस्तू घेतात याची जुळणी संगणक आधीच करून ठेवतो. आपण पहिली वस्तू पाहिली की तो दुसरी पुढे करतो. चित्रपट पुरवणाऱ्या नेटफ्लिक्सने २००६ साली अशा अंदाजांची अचूकता १० टक्क्यांनी वाढवून देणाऱ्यास १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते २००९ साली दिले गेले. आपल्या आवडीचा अंदाज बांधण्याला बाजारात किती मोल आहे, हे यावरून कळते.

यूट्यूबने २०१२ साली एक महत्त्वाचा बदल केला. व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला अधिक महत्त्व दिले. लोक जे पाहतात त्यातील ७० टक्क्यांहून अधिक वेळ यंत्रणेने सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो, असे कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये सांगितले होते.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण कशावर बोट ठेवले आणि किती वेळ थांबलो, हे यंत्र बारकाईने मोजते. पण आपण आनंदाने थांबलो की भीतीने, हे त्या मिनिटांवरून कळत नाही. मावशी घाबरून पाहत होत्या. यंत्राच्या हिशेबात मात्र त्या 'आवडीने' पाहत होत्या.

बाजारातली आपली नेहमीची कोळीणही आपली आवड ओळखून असते. पण ती कधी तरी म्हणते, "बाय, आज पापलेट नको घेऊ, ताजं नाय." त्या दिवसाचा धंदा ती सोडते, कारण तिला उद्याही आपल्याला तोंड दाखवायचे असते. यंत्राला तोंड दाखवायचे नसते. अर्थात त्यामागे माणसे आहेत आणि जबाबदारीही त्यांचीच आहे.

२. 'सगळे पाहतात' याचा परिणाम

२००६ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १४,३४१ लोकांपुढे अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी ठेवली होती. काहींना फक्त गाण्यांची नावे दिसत होती. इतरांना ८ गटांत विभागले होते आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले, तो आकडाही त्यांना दिसत होता. आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली. शिवाय प्रत्येक गटात वेगवेगळी गाणी वर आली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा शिखरावर पोहोचली नाहीत. मधल्या गाण्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते.

त्या माणसांवर कोणी बळजबरी केली नव्हती. तरीही आकडा दाखवल्याने निवड बदलली. 'लाखो लोकांनी पाहिले' म्हणजे ते खरे, असे आपण मनात धरतो, तेव्हा आपलेही तसेच होते.

३. संत इग्नेशियस यांचा धडा

१५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला. लोयोला येथील घरी अंथरुणावर पडून असताना त्यांनी आपल्या आवडीची, शूर सरदारांच्या पराक्रमाची पुस्तके मागितली. घरात ती नव्हती. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. नाइलाजाने त्यांनी तीच वाचली.

आजची यंत्रणा त्यांच्या उशाशी असती तर? तिने सरदारांच्या कथा एकामागून एक पुरवल्या असत्या. न मागितलेले पुस्तक हाती आले, हीच त्यांच्यासाठी कृपा ठरली.

पुढे त्यांनी एक गोष्ट टिपली. दरबारी वैभवाची स्वप्ने रंगवताना मन रमत असे, पण नंतर ते कोरडे आणि असमाधानी होई. संतांसारखे जगण्याचा विचार केला की आनंद मागाहूनही टिकून राही. येथूनच त्यांच्या आध्यात्मिक विवेकाची सुरुवात झाली. यंत्र पाहतानाचा वेळ मोजते. इग्नेशियस पाहून झाल्यानंतरचे मन तपासायला शिकवतात. हा हिशेब आपल्याशिवाय कोणी ठेवू शकत नाही.

४. माझा शेजारी कोण?

लूककृत शुभवर्तमानात (१०:२५-३७) प्रभू येशू दयाळू शोमरोन्याचा दाखला देतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणीही आपणहून शोमरोन्याला निवडले नसते. पण शेजारधर्म पाळला तो त्यानेच. आपल्यासारखीच मते असणारी माणसे सतत समोर येत राहिली, तर असा शोमरोनी आपल्याला भेटणार कधी? पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली 'ख्रिस्तुस व्हिविट' या पत्रात (८९) हाच इशारा दिला. समान विचारांच्या लोकांचेच वर्तुळ बनते आणि त्यात खोट्या बातम्या व द्वेष पसरतो, असे त्यांनी दाखवून दिले.

ख्रिस्तसभा या साधनांना शाप मानत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच संपर्कसाधनांचे स्वागत करून त्यांच्या विवेकी वापराची जबाबदारी श्रोत्यांवर व प्रेक्षकांवरही टाकली. परदेशी गेलेली आपली मुले मोबाइलवरच मराठी मिस्सा ऐकतात. मोशेने लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवून निवडायला सांगितले (अनुवाद ३०:१५-२०). ती निवड देवाने आपल्याकडून काढून घेतलेली नाही. मग ती आपण दुसऱ्याच्या हवाली का करावी?

५. आपण काय करू शकतो?

(अ) मोबाइल उघडण्यापूर्वी कशासाठी उघडतो ते मनात ठरवावे. ते झाले की बंद करावा.
(आ) एका व्हिडिओमागून दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करावी. पाहिल्याची नोंद अधूनमधून पुसावी. नको असलेल्या व्हिडिओवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबावे.
(इ) रात्रीच्या प्रार्थनेत स्वतःला विचारावे: आज जे पाहिले त्यानंतर मन शांत होते की कोरडे?
(ई) भीती घालणारा किंवा पैसे मागणारा धार्मिक संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी, पैसे देण्याआधी धर्मगुरूंना विचारावे.
(उ) घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना "आज काय पाहिलंस?" असे प्रेमाने विचारावे. त्यात पाळत नसावी, सोबत असावी.

प्रार्थनासभेत चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात आपण जे पाहिले त्यातील किती आपण स्वतः शोधले होते?
२. आपल्या मताच्या विरुद्ध असलेले काही आपण अलीकडे शांतपणे ऐकले का?
३. आपल्या वाडीत एकटेपणामुळे पडद्याला चिकटून राहिलेले कोणी आहे का? त्यांच्या घरी कोण जाईल?

मावशींच्या मोबाइलवरील जुनी नोंद आमच्या युवकांनी त्याच संध्याकाळी पुसून दिली आणि रोझरीची ध्वनिफीत वेगळी साठवून दिली. गेलेले पैसे परत आले नाहीत. पण निघताना मावशी जे बोलल्या ते आम्हांला लागले. "कुणी आधी विचारलं असतं, तर मी आधीच सांगितलं असतं."

हे प्रभो, आम्हांला निवडण्याचे स्वातंत्र्य तू दिलेस. ते जपण्याचा विवेक दे, आणि शेजाऱ्याची विचारपूस करण्यासाठी वेळ काढायला शिकव. आमेन.