छातीतील पू आणि नळीची जाडी

न्यूमोनियाची औषधे सुरू होऊन ४८ तास उलटले तरी बालकाचा ताप हटत नसेल, तर फुप्फुसाभोवतीच्या आवरणात द्रव साचला आहे काय, हे पाहिलेच पाहिजे. या द्रवाचा पू झाला की त्यास आपण एम्पायमा म्हणतो. आपल्याकडे मुलांमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू त्याचे एक प्रमुख कारण होय. प्रतिजैविकांच्या जोडीला नळी घालून पू काढावा लागतो आणि तेथेच जुना वाद उपस्थित होतो : नळी जाड असावी की बारीक?

पू दाट, म्हणून नळी जाड, असे आमच्या पिढीस शिकविले गेले. त्यास पदार्थविज्ञानाचा आधारही होता. नळीचा बाह्य व्यास फ्रेंच या एककात मोजतात; ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. प्वाझेच्या नियमानुसार आतील व्यास दुप्पट झाला की प्रवाह १६ पट होतो. हिशेब बिनचूक खरा, पण तो मोकळ्या भांड्यातील द्रवाचा! एम्पायमात फायब्रिनची जाळी विणली जाते, पू कप्प्याकप्प्यांत अडकतो आणि शेजारच्या कप्प्यातील पू जाड नळीपर्यंतही पोहोचत नाही. सोनोग्राफीने नेमकी जागा पाहून घातलेली १० ते १२ फ्रेंचची पिगटेल नळी म्हणूनच मला अधिक भरवशाची वाटते.

ब्रिटनमधील मिस्ट-१ चाचणीतील ४०५ रुग्णांचे नळीच्या आकारानुसार केलेले विश्लेषण २०१० साली प्रसिद्ध झाले. मृत्यू वा शस्त्रक्रियेची गरज यांत फरक आढळला नाही. वेदना मात्र जाड नळीने अधिक झाल्या. हे रुग्ण प्रौढ होते व नळीचा आकार चिठ्ठी टाकून ठरविलेला नव्हता, हे खरे. तथापि २००२ सालच्या मुलांवरील युरोकायनेज चाचणीतही बारीक नळी व युरोकायनेज यांचा मेळ उत्तम ठरला. बालकाच्या बाबतीत वेदना ही दुय्यम गोष्ट नव्हे. दुखते म्हणून मूल खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, आणि मिटलेले फुप्फुस उघडत नाही.

बारीक नळी तुंबते, ही तक्रार रास्त आहे. ती सलाइनने वेळोवेळी धुवावी लागते. परिचारिकांना हे नीट शिकवावे. कप्पे असल्यास युरोकायनेज द्यावे : एक वर्षावरील मुलास ४०,००० युनिट ४० मिलिलिटर सलाइनमध्ये, तान्ह्यास १०,००० युनिट १० मिलिलिटरमध्ये, दिवसातून दोनदा, तीन दिवस.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा. फुप्फुस फाटून पुवाबरोबर हवाही भरपूर येत असेल, तर बारीक नळी अपुरी पडू शकते. तेथे जाड नळीच बरी. युरोकायनेज अशा वेळी टाळावे, आणि बुडबुडे येत असलेली नळी चिमट्याने कधीही बंद करू नये.