पिता अतिथी नव्हे
(परदेशस्थ पुत्रांसाठी एक पाठ)

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्यास आचार्य उपदेश करतात. माता, पिता, आचार्य आणि अतिथी या चौघांस देवासमान मानावे, असे ते त्यास सांगतात. हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु त्यात पित्याचे स्थान निराळे आणि अतिथीचे निराळे सांगितले आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जो पुत्र परदेशी राहतो आणि आईवडिलांस काही दिवस आपल्याकडे बोलावू इच्छितो, त्याने हा भेद नीट समजून घेतला पाहिजे. प्रस्तुत पाठाचा विषय तोच आहे.

आम्ही किलवणीच्या एका पुजाऱ्याचे चिरंजीव. शालान्त परीक्षेनंतर नोकरीनिमित्त दुबईस आलो. उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. जे चुका करून शिकलो, तेवढेच येथे मांडीत आहो.

१. काळ कोणी ठरवावा?

पहिल्या वर्षी आम्हांस रजा मिळाली ती ऐन श्रावणात. हर्षाच्या भरात आम्ही आईवडिलांची तिकिटे काढली आणि मग घरी कळविले. वडील क्षणभर थांबून म्हणाले, "बाळ, श्रावणात देव कोणाच्या स्वाधीन करू?" तिकिटाचे पैसे बुडाले. त्याहून वाईट हे की, आपण मुलाचा हिरमोड केला असे त्यांस उगाच वाटत राहिले.

वास्तविक आम्ही पंचांग उघडावयास हवे होते. श्रावण, गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी आणि तुळशीविवाहानंतरची लग्नसराई यांत पुजाऱ्यास उसंत नसते. पुढे माघात महाशिवरात्र येते. मध्ये राहतो तो पौष. त्या महिन्यात मंगलकार्ये बहुधा होत नाहीत. आणि योगायोग असा की, जून ते सप्टेंबर जेथे उन्हाचा पारा 40 अंशांच्या वर चढतो त्या दुबईत वृद्धांस मानवणारी हवा जानेवारीच्या सुमारास, म्हणजे पौषातच असते. शेतकऱ्याच्या घरी पेरणी व कापणी, शिक्षकाच्या घरी परीक्षा, असा प्रत्येक घराचा पौष निराळा असतो. तो आधी शोधावा.

नित्यपूजेचा प्रश्न उरला. तो वडिलांनीच सोडविला. घरात सुतक आले म्हणजे पुजारी गाभाऱ्यात जात नाही. तेव्हा भाऊबंदांपैकी दुसरा कोणी पूजा करतो. "तीच व्यवस्था या वेळी आनंदासाठी करू," असे ते म्हणाले. कलिवर्ज्यांच्या यादीत द्विजांचे समुद्रयान येते, ही शंकाही त्यांच्या मनात होती. तिचा निर्णय त्यांनी जाणत्यांस विचारून स्वतः केला. आम्ही वाद घातला नाही. वडिलांच्या शंकेस मुलाने हसू नये.

२. कागदपत्रे

आपल्या प्रांतास सरहद्दीचे कागद नवे नाहीत. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त होईपर्यंत तेथे पोर्तुगीज अंमल होता. आमच्या आजोबांस वापीस जाणे म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणे होते. 11 ऑगस्ट 1961 रोजी दादरा व नगर हवेली भारतात रीतसर सामील झाली. आज वापीहून मुंबई गाठावी आणि तेथून सुमारे तीन-साडेतीन तासांत दुबईस उतरावे, इतका मार्ग सोपा आहे. तरी कागदातील एक उणीव तो अडवू शकते. पासपोर्टाची मुदत प्रवासाच्या दिवशी निदान 6 महिने शिल्लक असावी. पन्नाशी उलटलेल्यांस, ते मॅट्रिक झालेले नसले तरी, परदेशगमनाच्या विशेष तपासणीतून सूट असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाव. पासपोर्टावर आडनावाची जागा रिकामी आणि नाव एकाच शब्दाचे, अशा प्रवाशांस अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला.

आमच्या मातोश्रींच्या पासपोर्टावर नाव एकाच शब्दाचे होते. दुसऱ्या वर्षीचा पौष ठरला, रजा ठरली, देवळाची व्यवस्था झाली, आणि मग ही गोष्ट ध्यानात आली. दोष कोणाचाही नव्हे. तो पासपोर्ट आम्ही आधी मागवून पाहिला नाही, एवढेच. मातोश्रींवाचून वडील येईनात. दुरुस्तीसाठी अर्ज केला, कागद गोळा केले. नवा पासपोर्ट हाती आला, आणि पुढचा पौष येण्यापूर्वीच मातोश्री निवर्तल्या. म्हणून आमचे कळकळीचे सांगणे आहे की, बोलावण्याचा विचार मनात येईल त्याच दिवशी पासपोर्टाचे पहिले पान मागवावे आणि प्रत्येक अक्षर वाचावे.

३. पेटीत काय घालू नये

आईवडील रिकाम्या हाताने येत नाहीत. परंतु घरी जे पवित्र वा नित्याचे, ते परमुलखात अपराध ठरू शकते. खसखस अमिरातीत निषिद्ध आहे. म्हणून अनारसे आणि खसखस घातलेले लाडू पेटीत नकोत. विड्याची पाने व गुटखाही चालत नाहीत. कापूर व काडेपेटी ज्वालाग्राही म्हणून विमानाच्या सामानात नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्यासही विमानकंपन्या हरकत घेतात. गंगाजल हातातील पिशवीत न्यावयाचे तर पात्र 100 मिलिलिटरच्या आतले असावे. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावी. खोकल्याची वा वेदनाशामक काही औषधे आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. प्रवासविमा घ्यावा, आणि त्यात जुन्या व्याधींचा खर्च वगळला आहे काय, ते वाचून पाहावे.

आमच्या वडिलांच्या पेटीत यांतील चार वस्तू होत्या. निघण्याच्या आदल्या रात्री भावाने त्या काढून ठेवल्या.

४. दिवस कसा जावा?

येथे मुख्य विषय येतो. आम्ही सहा जणांच्या खोलीत राहत होतो. महिन्यापुरती एक लहान खोली भाड्याने घेतली. बारा तास कामावर जावे लागे. वडील वाट चुकतील या भयाने आम्ही त्यांस किल्ली दिली नाही. त्यांनी स्वयंपाक करू नये, भांडी घासू नयेत, केवळ विश्रांती घ्यावी, असे सांगून ठेविले. पहिल्याच दिवशी त्यांच्या धूपाने छतावरील धोक्याची घंटा वाजली. तेव्हापासून धूपही बंद झाला. आपण उत्तम आतिथ्य करीत आहो, असे आम्हांस वाटत होते.

आठव्या दिवशी रात्री ते शांतपणे म्हणाले, "बाळ, देवालासुद्धा आपण दिवसभर कोंडून ठेवीत नाही."

आम्ही निरुत्तर झालो. मनुस्मृतीत एक रात्र राहणाऱ्यास अतिथी म्हटले आहे. एका रात्रीच्या पाहुण्यास काम सांगू नये, हे योग्यच. परंतु ज्याने आयुष्यभर पहाटे उठून देवाचे सारे केले, त्याच्याकडून सर्व काम काढून घेणे म्हणजे त्याचे पितृत्वच काढून घेणे होय.

दुसऱ्या दिवशी त्यांस किल्ली, आमचा पत्ता व दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी, मेट्रोचे कार्ड आणि थोडे दिरहॅम दिले. तिसऱ्या दिवसापासून भाजी तेच आणू लागले. आमचे पाच सोबती रात्री त्यांच्या हातचा वरणभात जेवू लागले. संक्रांतीस त्यांनी सर्वांस तिळगूळ दिला. एका कुटुंबाने पूजा सांगण्यासाठी दक्षिणा देऊ केली. भेटीच्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही, म्हणून त्यांनी ती नाकारली आणि नुसता आशीर्वाद दिला. ऑक्टोबर 2022 मध्ये खुल्या झालेल्या जेबेल अली येथील मंदिरात आम्ही गेलो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "येथील पुजाऱ्यांस सुतक आले तर पूजा कोण करतो?"

५. परतीचा दिवस

भेटीचा व्हिसा अमिरातीत 30 वा 60 दिवसांचा मिळतो. मुदत ओलांडल्यास दररोज 50 दिरहॅम दंड होतो. ब्रिटनमध्ये सामान्यतः 6 महिन्यांपर्यंत राहता येते. युरोपातील शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते. अमेरिकेचा व्हिसा 10 वर्षांचा असला तरी प्रत्येक मुक्कामाची मुदत प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवितो. कॅनडाच्या 'सुपर व्हिसा'वर आईवडिलांस एका वेळी 5 वर्षांपर्यंत राहता येते. नियम बदलतात, म्हणून अर्ज करताना ते पुन्हा पाहावे. मुक्काम जितका लांब, तितका हा पाठ अधिक लागू पडतो.

परंतु सरकार देते ती शेवटची मुदत असते. त्याआधी परत जाण्याचा दिवस आईवडिलांनीच निवडावा. आमचे वडील अठ्ठाविसाव्या दिवशी निघाले. महाशिवरात्र जवळ आली होती. आम्ही आग्रह केला नाही. विमानतळावर त्यांनी खोलीची किल्ली आमच्या हाती ठेवली आणि म्हणाले, "जपून ठेव, पुढच्या पौषात लागेल."

मातोश्रींचा नवा पासपोर्ट घरी पेटीत आहे. त्याची सर्व पाने कोरी आहेत. वाचकांपैकी ज्यांची आई आज हयात आहे, त्यांनी हा पाठ संपताच घरी दूरध्वनी करावा, एवढीच विनंती.

मननासाठी प्रश्न

1. आपल्या घरचा 'पौष' कोणता? तो आईवडिलांस विचारला आहे काय?
2. त्यांच्या मागे त्यांचे नित्यकर्म कोण सांभाळील?
3. त्यांच्या पासपोर्टावरील नाव आपण स्वतः वाचले आहे काय?
4. आपल्या घरी आल्यावर कोणते काम त्यांचे राहील?