रांगत नाही, सरकते!

प्रश्न : आमची छकुली ९ महिन्यांची आहे. आधाराशिवाय छान बसते, पण रांगत नाही. बूड घासत सरकते. शेजारचं बाळ सातव्या महिन्यातच रांगायला लागलं. सासूबाई म्हणतात, वॉकर आणा. आणू का?

उत्तर : वॉकर नको. त्यात बाळ चवड्यांनी रेटा देत पळतं, तोल सांभाळायला शिकत नाही. शिवाय जिना, गरम चहाचा कप क्षणात त्याच्या टप्प्यात येतो. कॅनडात तर २००४ पासून वॉकरच्या विक्रीवरच बंदी आहे. सासूबाईंच्या काळातला लाकडी पांगुळगाडा वेगळा. ती उभी राहायला लागली, की कुणीतरी सोबत असताना तो चालेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत १०० पैकी चारेक निरोगी बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. बूड घासत सरकणारी बाळं पुष्कळदा उशिरा, कधी दीड वर्षानंतर चालतात. सतरंजी अंथरा, तिला पालथं ठेवा आणि स्वयंपाकघरातली वाटी हातभर लांब ठेवा. खेळण्यापेक्षा वाटीच हवी असते त्यांना! थोडी कुरकुरेल, कुरकुरू दे.

मात्र ती नेहमी एकाच हाताने वस्तू घेत असेल, अंग फार सैल किंवा ताठ वाटत असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.