लेकराचा कित्ता

अमरावती जिल्ह्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टीस मुकले. ते स्वतःस ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवीत. महाराजांनी सांगावे नि जवळच्यांनी लिहून घ्यावे, असे त्यांचे ग्रंथ झाले. तुकोबारायांचे अभंगही संताजी जगनाड्यांच्या वह्यांतून आपल्यापर्यंत आले. तेव्हा सुवाच्य अक्षर ही संतसेवाच होय.

घरीच शिकणाऱ्या लेकराला ती कशी शिकवावी? आम्ही म्हणतो, घाई नको. आधी ताटात बारीक रेती पसरून बोटाने अक्षरे गिरवू द्यावी. मग पाटी, मग दुरेघी वही. कित्ता हरिपाठाच्या एकाच चरणाचा असावा. तो पोराला पाठ असतो, म्हणून सारे लक्ष अक्षराच्या वळणाकडे राहते. वरची ओळ आपण ठळक काढून द्यावी, खाली त्याने तीनदा उतरावी. शब्द पुरा झाला की मग शिरोरेघ. दहा मिनिटे झाली की वही मिटावी. बोटे दुखली तर त्याआधीच. डावखुऱ्यास उजव्या हाताची सक्ती करू नये.

चुकले म्हणून रागावू नये. ओळीतले सर्वांत चांगले अक्षर त्यालाच शोधायला सांगावे नि म्हणावे, "उद्या सारी अशीच काढ." मार खाऊन लिहिलेल्या नामाची गोडी पोराला लागेल कशी, बाप्पा? महिन्याने पहिले पान आणि आजचे पान शेजारी ठेवून त्याला दाखवा. रामकृष्णहरी.